वालावरची सावली

मार्गशीर्षातल्या एका दुपारी पळसदरीचा एक माळी कुंपणाच्या उत्तरेला टेप धरून उभा होता. कुंपण त्यानेच लावलेलं. दोनशे फूट लांबीत फुटाफुटावर कोनोकार्पसचं एकेक रोप, आणि चार वर्षांत त्याची झालेली अठरा फूट उंचीची हिरवीगार भिंत. अलीकडे मुंबईच्या शेटचं फार्महाऊस, पलीकडे गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं भातखाचर. भात कापून झालं होतं आणि खाचरात वाल उभा होता. कुंपणाच्या बुंध्यापासून सावली संपते तिथपर्यंत टेप लावली तेव्हा साडेसोळा फूट भरले. तेवढ्या पट्ट्यातला वाल पिवळा, बोटभर वाढून थांबलेला. पट्ट्याबाहेरचा गुडघ्याला लागणारा आणि फुलावर आलेला. मधली रेघ इतकी सरळ होती की कुणी दोरी धरून आखली असावी.

बांधावर म्हातारा कोयता घेऊन बसला होता. गावात सगळे त्याला तात्या म्हणतात. तो रागावलेला नव्हता, निदान तेव्हा तरी.

"भाताला नाय काय करत हे," तो म्हणाला. "वाल खातंय."

हे वाक्य माळ्याला आधी नीट कळलं नव्हतं. झाड सावली पाडतं तर बारा महिने पाडेल, भाताला सोडून वालालाच कसं खाईल? पण तात्याचं खरं होतं. पळसदरी साधारण एकोणीस अक्षांशावर आहे. जून-जुलैत भर दुपारी सूर्य इथे जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा अठरा फुटी कुंपणाची दुपारची सावली बुंध्याशीच गोळा होते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो, दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो आणि कुंपणाची जवळजवळ उंचीएवढी सावली उत्तरेला लोळते. वालाची अडचण दुहेरी. त्याला पाणी देत नाहीत, भाताच्या मागे जमिनीत राहिलेल्या ओलीवर तो येतो. ती ओल कोनोकार्पसची मुळं आधीच ओढून घेतात. वर ऊन नाही, खाली ओल नाही. रायगडातल्या माणसाला वालाचं काय असतं हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. वर्षभराची बिरड्याची सोय त्यात असते, आणि थंडीतली पोपटीही. मडक्यात वालाच्या शेंगा भरून वर जो भांबुर्डीचा पाला कोंबतात, तोही बांधावरच उगवतो.

माळी वीस-बावीस वर्षं हेच काम करतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फार्महाऊसच्या बागा लावायच्या, राखायच्या, शनिवारी शेट यायच्या आत लॉन कापून ठेवायचं. मोटारसायकलच्या मागे कात्री, कोयता, फवारणीचा पंप. दोन बाजूंच्या भांडणात आपण मध्ये सापडू असं त्याला धंद्यात पडताना वाटलं नव्हतं. आता तो म्हणतो की बागेतल्या कामापेक्षा बागेच्या कडेच्या कामाने त्याचे केस लवकर पिकले.

कुंपण काय असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण घरी वडील वई घालायचे. दिवाळीच्या सुमाराला भात कापलं की गावची गुरं मोकळी सुटायची. म्हणून वालाच्या तुकड्याभोवती आणि परसातल्या भाजीभोवती वई. बांबूचे खुंट, मध्ये कारवीच्या काठ्या, त्यावर करवंदीची नाहीतर चिलारीची काटेरी झुडपं, सगळं रानवेलीने आवळलेलं. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात असली वई एका पावसात कुजते, उरलीसुरली वाळवी खाते. दरवर्षी नवी घालावी लागते. दोन्ही शेजारी त्या दिवशी बांधावर असतात, रेघ कुठून जाते ते दोघंही बघतात, आणि कुणाचा खुंट हातभर पुढे आलाच तर तिथल्या तिथे दोन शिव्या देऊन मागे घेतला जातो. जिवंत कुंपणं होती तीही गुरं तोंड लावणार नाहीत अशी: शेर, निवडुंग, निर्गुडी, मोगली एरंड. छातीएवढी असली की पुरे. म्हैस उडी मारत नाही.

ती छातीच्या वर का गेली नाहीत, याचं उत्तर मात्र माळ्याला पुष्कळ उशिरा सापडलं. उत्तर राबात होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पातेरा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर रचून ते भाजायचे, ही कोकणातली जुनी रीत. त्या फांद्यांना कवळ म्हणतात. दरवर्षी प्रत्येक घराला भाराभर कवळ लागायची आणि ती रानातून, नाहीतर बांधावरून यायची. बांधावरचं झाड उंच होऊ देणं म्हणजे राबाचा माल डोक्यावर वाया घालवणं. शेजाऱ्याची फांदी आपल्या बाजूला आली तर आनंद व्हायचा, ती आपल्या राबात जायची.

फांद्या तोडण्यावरून इथे भांडणं झालीच नाहीत असं नाही. ती झाली सरकारशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलखात्याने कवळ तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. फांदी हवी म्हणून केलेला तो तंटा होता. फांदी नको म्हणून होणारा तंटा फार्महाऊसांबरोबर आला.

आता राब भाजणारी घरं कमी झाली. गादीवाफ्यावर रोपं करा, भाजू नका, असं कृषी खातंही सांगतं, आणि त्यात चूक काही नाही. पण कोयता खुंटीला लागला तो लागलाच. नव्या कुंपणांवर तर तो कधी फिरलाच नव्हता. शेटला कुंपण गुरांसाठी नको असतं, नजरेसाठी हवं असतं. पोहायच्या टाकीत उतरलेली माणसं रस्त्यावरून दिसू नयेत, वरच्या मजल्याच्या गॅलरीतून शेजारचा पत्रा दिसू नये. आणि हे सगळं वर्षभरात हवं. "पुढच्या दिवाळीला आम्हाला काही दिसता कामा नये," असं एका बाईंनी माळ्याला सांगितलं होतं. त्यांना शेजारचं काही दिसता कामा नये असं म्हणायचं होतं, पण माळी आजही ते वाक्य सांगताना हसतो.

वर्षभरात भिंत उभी करायची तर झाडं ठरलेली. खोटा अशोक सरळ जातो, पण खालून उघडा पडतो. डुरांटा दिसायला गोड, पण त्याला सतत कात्री लागते. बांबू झपाट्याने येतो आणि मग थांबत नाही. या सगळ्यांवर उपाय म्हणून काही वर्षांपूर्वी रोपवाटिकांतून कोनोकार्पस आला. ऊन सोसतो, पाणी कमी-जास्त चालतं, कीड लागत नाही, गुरं खात नाहीत आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भरगच्च. माळ्याने ट्रकने मागवून लावला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याने या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो, मुळं पाण्याच्या वाहिन्यांत आणि गटारांत शिरतात, अशी कारणं दिली. बातमी मोबाईलवर वाचली तेव्हा तात्याच्या बांधाजवळचं कुंपण बारा फुटांवर होतं. शेटने उंच कुंपण मागितलं, पण झाड निवडलं आपण, उत्तरेला वाल आहे हे ठाऊक असून निवडलं, हे माळी आजही मान्य करतो.

तात्याने पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं. शेटचं म्हणणं एकच: माझी जागा, माझं झाड. तिसऱ्या वर्षी तात्याच्या मुलाने आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या सपासप तोडल्या आणि शेटने फोनवर पोलिसांचं नाव काढलं. तेव्हा माळी कर्जतला एका वकिलाकडे गेला. स्वतःसाठीच गेला, कारण उद्या पंचनामा झाला तर साक्षीला त्यालाच बोलावणार होते.

वकिलाने जे सांगितलं ते त्याला सगळं उलटंच वाटलं. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत लोंबत असेल तर आपल्या जागेत उभं राहून, हद्दीपर्यंतचीच, ती छाटता येते. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली एका खटल्यात हे पक्कं केलं आणि आपल्याकडची न्यायालयंही ते तत्त्व मानत आली. म्हणजे तात्याच्या मुलाने गुन्हा केला नव्हता. पण उंचीचं काय? सरळ वर गेलेल्या झाडाचं काय? तिथे वकिलाने हात वर केले. १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षं निर्वेध मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क इमारतीला देतो. त्याच कायद्याचं १७ वं कलम मात्र स्पष्ट सांगतं की मोकळ्या जमिनीला असा हक्क वहिवाटीने मिळत नाही. घराच्या खिडकीला उन्हाचा हक्क आहे, वालाला नाही.

"मग कुंपणाला उंचीचा नियमच नाय?"

"भिंतीला आहे," वकील म्हणाला.

आणि खरंच आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत आवारभिंतीची उंची दीड मीटर दिली आहे. वरचा ९० सेंटिमीटरचा भाग जाळीसारखा उघडा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. विटांची भिंत पाच फुटांवर अडते आणि पानांची भिंत आभाळाला टेकली तरी तिला कुणी विचारत नाही. झाड तोडण्यावर निर्बंध आहेत: आंबा, फणस, जांभूळ, ऐन, साग अशी अनुसूचित झाडं शेतातलीही १९६४ च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांबूची गंमत आणखी वेगळी. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतून बांबू काढून टाकला, शास्त्राच्या हिशेबाने तो गवतच आहे म्हणून. तीस फूट उंच गवताच्या सावलीत बसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल?

इंग्लंडात हा तंटा इतका वाढला की संसदेला कायदा करावा लागला. तिथे लेलँडी नावाचं एक सूचिपर्णी झाड आहे. १८८८ साली वेल्समधल्या एका बागेत दोन जातींचा आपोआप संकर होऊन ते निपजलं. वर्षाला तीनेक फूट वाढतं. मागच्या अंगणातलं ऊन जायला लागलं तशी शेजाऱ्यांची भांडणं कोर्टापर्यंत आणि क्वचित मारामारीपर्यंत गेली. २००३ च्या कायद्यात 'उंच कुंपण' हा स्वतंत्र भाग आला आणि जून २००५ पासून तो इंग्लंडात लागू झाला. दोन मीटरहून उंच, सदाहरित किंवा अर्धसदाहरित, दोन किंवा जास्त झाडांची ओळ शेजाऱ्याच्या घराचा-बागेचा उपभोग बिघडवत असेल, तर नगरपालिकेकडे तक्रार करता येते आणि पालिका उंची कमी करायचा हुकूम देऊ शकते. आधी आपसात मिटवायचा प्रयत्न केल्याचं मात्र दाखवावं लागतं. हा कायदाही घराच्या आवारापुरता आहे. तात्याचं खाचर इंग्लंडात असतं तरी तिथे बसलं नसतं.

उंचीवर कागद नाही म्हटल्यावर भांडण जिथे कागद आहे तिथे सरकलं, म्हणजे हद्दीवर. आपल्याकडे बहुतेक तंटे शेवटी तिथेच जातात. शेटने भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला. तेव्हा साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार होते. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिलेत. लगतधारक म्हणून तात्याला नोटीस आली. ती त्याने माळ्याकडूनच वाचून घेतली.

मोजणीच्या दिवशी अर्धं गाव बांधावर. भूकरमापकाबरोबर नकाशे, टिपण आणि उपग्रहावरून जागा धरणारा रोव्हर. म्हाताऱ्यांना साखळी आणि फळ्यावरची मोजणी आठवत होती. हा नुसता दांडा घेऊन फिरणारा मुलगा त्यांना पटेना. पण पहिला अडथळा आला तो कुंपणाचाच. दाट पानांखाली रोव्हरला उपग्रह नीट मिळेनात. दुसऱ्या यंत्राने मोजायचं तर दोन बिंदूंमध्ये नजर आरपार जायला हवी, आणि नजर जाऊ नये म्हणूनच तर हे कुंपण लावलेलं. शेवटी मोजणी व्हावी म्हणून शेटच्याच सांगण्यावरून माळ्याने कुंपणाला पाच ठिकाणी दारं पाडली. तात्याचा मुलगा म्हणाला, "हेच तर आम्ही तीन वर्षं सांगत होतो." सगळे हसले. शेटही हसला, हे नोंदवायला हवं.

निकाल कुणालाच पूर्ण आवडला नाही. पश्चिमेच्या टोकाला कुंपण दोन फूट तात्याच्या हद्दीत होतं. पूर्वेच्या टोकाला ते शेटच्याच जागेत फूटभर आत होतं आणि तिथे तात्याकडच्या पॉवर टिलरने बांध कोरत कोरत पुढे सरकवलेला निघाला. लागवडीच्या वेळी माळ्याने बांधाच्या कडेने दोरी धरली होती. बांध सरळ असतो असं त्याने गृहीत धरलं होतं. त्यानंतर ही चूक आपण पुन्हा केली नाही, असं तो सांगतो. दोनशे फुटांच्या ओळीत सलग दोन फूट घुसले तर चारशे चौरस फूट होतात, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. कर्जतकडच्या आजच्या भावात ही रक्कम कुणी सोडून देण्यासारखी नाही. इथे दोन्हीकडचं एकमेकांत जवळपास फिटत होतं, म्हणून बोलणं होऊ शकलं.

बोलणं तात्याच्या पडवीत झालं, चहावर. शेट पहिल्यांदाच बांधाच्या पलीकडे आला होता. त्याला वाटत होतं तात्याला पैसे हवेत. तात्याला वाटत होतं शेटला शेत हवं. माळी मध्ये बसून दोघांनाही फूट आणि महिने सांगत होता. सहा फुटांच्या कुंपणाची डिसेंबरातली दुपारची सावली साडेपाच फूट, म्हणजे नुकसान दोन ओळींचं. गॅलरीतून दिसणारा पत्रा झाकायचा तर गॅलरीतच वेल चढवता येईल, अठरा फुटांची गरज नाही. पश्चिमेच्या टोकाचा कोनोकार्पस मुळासकट काढायचा आणि खऱ्या हद्दीवर गिरीपुष्प लावायचं. ही शेवटची सूचना ऐकून तात्याचे डोळे लकाकले.

गिरीपुष्पाला गावात उंदीरमारी म्हणतात. खुंट खोचला तरी जगतो, आणि चिखलणीच्या वेळी त्याचा कोवळा पाला खाचरात गाडला की भाताला नत्र मिळतं. भाताच्या चारसूत्री लागवडीत एक सूत्र याच पाल्याचं आहे, आणि त्यासाठी ते बांधावर लावा असं कृषी खात्याची माणसं वर्षानुवर्षं सांगत आलीत. म्हणजे छाटायचं कुणी, हा प्रश्नच उरला नाही. आषाढात लावणीआधी तात्याच येऊन छाटतो, पाला त्याचा. कार्तिकात वाल पेरायच्या आधी माळी उरलेलं कोनोकार्पस सहा फुटांवर आणतो, मजुरी शेटची. कागद झाला नाही. एका बांबूला सहा फुटांवर खाच पाडून तो पडवीच्या वळचणीला ठेवला आहे, तोच कागद.

सगळीकडे असं होत नाही. खालापूरच्या बाजूला एका प्लॉटच्या बांबूने बांधावरची पायवाटच गिळली. त्या वाटेने ठाकरवाडीतल्या बायका लाकूडफाटा आणायच्या, मागच्या खाचरांत बैल जायचे. तिथे उंचीचा प्रश्नच नव्हता, बांबू आडवा वाढला होता. शेतकऱ्याने तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून रस्ता मागितला. जुनी वाट अडवली म्हणून १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखालीही जाता आलं असतं, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. बांबू काही एका रात्रीत वाट अडवत नाही. सहा महिने कुठून मोजायचे? प्रकरण तारखांवर आहे. माळी त्या प्लॉटवर आता कामाला जात नाही. जायचं तर त्या बायकांच्या डोळ्यांसमोरून जावं लागतं.

नवं काम मिळालं की त्याच्या दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. रोपांची यादी द्यायच्या आधी तो मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, बघायला मागतो. मग प्लॉटच्या मधोमध उभा राहून विचारतो, "उत्तरेला कोण आहे?"

शेटलोकांना वाटतं हे वास्तुशास्त्राचं काहीतरी असणार. परवा एकाने कौतुकाने विचारलंही, "दिशा बघता का तुम्ही?" माळी "हो" म्हणाला आणि टेप उलगडायला लागला.